माळावरचं गवत वाळवून मेंढ्यांना: कापायचं कधी, साठवायचं कसं, जोडीला काय?

बालाघाटचा_वाडा (ता. पाटोदा, जि. बीड)

नमस्कार मंडळी. दख्खनी मेंढ्या आहेत, ४० माद्या, २ नर आणि त्यांची कोकरं. स्वतःचा ५ एकर डोंगरउतार यंदा जूनपासून चराई बंद ठेवून राखलाय. गवत गुडघ्याला लागलंय. पवन्या बराच आहे, ओघळीच्या अंगाला मारवेल आहे आणि वरच्या मुरमाड टप्प्यावर जवळपास सगळी कुसळी. मधे मधे गाजर गवत.

आमच्याकडे गवत कापतात दिवाळीच्या पुढंमागं, सगळं पिवळं पडल्यावर. मजूर तेव्हाच मोकळे होतात आणि वाळवायची कटकट नसते. पण असलं गवत मेंढ्या निवडून खातात, काड्या तशाच राहतात, आणि कुसळं लोकरीत घुसतात ती वेगळीच. फेब्रुवारी ते जून हे गवत पुरवायचंय. माद्या मृगाच्या पावसावर नराला दाखवतो, वीत नोव्हेंबर-डिसेंबरात.

कापणी नेमकी कधी धरावी? ५ एकरांतलं गवत ४० माद्यांना पुरेल का? जोडीला काय द्यावं लागेल? पेंड परवडत नाही, हे आधीच सांगतो.

---

माळरान_आष्टी

दिवाळीची पद्धत मजुरांच्या सोयीची आहे, मेंढरांच्या सोयीची नाही. पिवळं पडलेलं गवत म्हणजे बी झडून गेलेली काडी. त्यात प्रथिनं ३-४ टक्के उरतात. तेच गवत फुलोऱ्यात कापलं तर ६-७ टक्के भरतं आणि पान टिकून राहतं. वजन एकरी थोडं कमी येईल, ते येऊ द्या.

तारीख विचारू नका, गवताची अवस्था बघा. पवन्या आणि मारवेल निसवून निम्म्या काड्यांवर फुलोरा दिसला की कापणीला आलं. कुसळीला त्याहून आधी विळा लावायचा, पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून पानाच्या आत असताना. कणीस बाहेर पडलं की आठवडा-पंधरवड्यात कुसळं कडक होतात. आधी ती हिरवी, मऊ असतात; पिकली की काळपट तपकिरी होतात आणि टोकाला एकमेकांत पिळून त्यांची वेणी होते. वेणी दिसली म्हणजे वेळ गेली. शंका असेल तर मूठभर कणसं गोणपाटावर दाबून ओढा. गोणपाटात रुतून राहिली तर लोकरीतही रुतणार.

म्हणजे तुमच्या रानात कापणी वरून सुरू होते: आधी मुरमाड टप्पा, मग मधला पवन्या, शेवटी ओघळीचा मारवेल. ओघळीला ओल असते, तिथलं गवत उशिरापर्यंत हिरवं राहतं. बालाघाटावर हे सगळं साधारण गणपती ते घटस्थापना या काळात येतं. पाऊस कसा झाला त्यावर आठ-पंधरा दिवस मागंपुढं.

वरच्या टप्प्यावर अगदी बारीक, तारेसारखं, एका बीला तीन कुसळं असलेलं गवत असेल तर ते गंजीत आणूच नका. त्यात खायला काही नसतं, आणि ते माजलंय याचा अर्थ तो टप्पा चरून चरून थकलाय.

बुडखा चार बोटं ठेवून कापा. जमिनीसरशी छाटलं तर बहुवर्षायू गवताचे फुटवे जातात आणि पेंढीत माती येते ती वेगळी. गाजर गवत कापणीच्या आधी, फुलावर यायच्या आतच उपटून काढा, हातमोजे घालून. पेंढीत एकदा बांधलं गेलं की त्या कडू वासानं मेंढी बाजूचं चांगलं गवतही सोडते.

आणि एक गोष्ट फार कमी लोक पाळतात. दरवर्षी सगळं रान फुलोऱ्यात कापलं तर बी पडतच नाही, चार-पाच वर्षांत पवन्या विरळ होतो. म्हणून रानाचे चार भाग करा. दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत न कापता ठेवायचा, पुढच्या वर्षी दुसरा. राखलेल्या भागातलं गवत डिसेंबरात मेंढ्यांना चरायला सोडा. कुसळीचा टप्पा मात्र या पाळीत धरू नका. तिचं बी पडू दिलं नाही तर ती आपोआप मागं हटते.

---

वळई_भूम

वाळवण्याचं मी सांगतो, कारण सप्टेंबरात कापायचं म्हटलं की सगळे तिथंच अडतात. मराठवाड्यात सप्टेंबर हा भरवशाच्या पावसाचा महिना. पण त्यातही तीन-चार दिवसांची उघडीप मिळते, तीच धरायची. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. तो बघूनच विळे काढा. पाच एकर एका दमात आडवं करू नका. एका उघडिपीत जेवढं वाळवून उचलता येईल तेवढंच, नाहीतर पाऊस सगळ्यावर एकदम येतो.

सकाळी दव उडाल्यावर कापणी सुरू करा. कापलेलं पातळ पसरा, जाड ढीग ठेवू नका. दुपारनंतर एकदा उलटा. दुसऱ्या दिवशी वरचं पान करकरीत व्हायच्या आत ओळी ओढून घ्या, कारण पान फार कडक झालं की हलवताना त्याचा चुरा होतो आणि हातात काड्या राहतात. खरा कस पानात असतो. उरलेलं वाळवण ओळीत आणि छोट्या ढिगाऱ्यांत होऊ द्या. रंग हिरवट राहिला पाहिजे. उन्हात चार दिवस तसंच पडून पांढरं झालेलं गवत वजनाला भरतं, पण त्यातलं अ जीवनसत्त्व गेलेलं असतं.

मधेच सर आली तर? ताज्या कापलेल्या गवतावर एक सर पडली तर फारसं बिघडत नाही. जवळजवळ वाळलेल्यावर पडली तर कस धुऊन जातो आणि काळं पडतं. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरलं तर ओळी गोळा करून तिकाट्यावर चढवा. सात-आठ फुटांच्या तीन काठ्या वर एकत्र बांधायच्या, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आडव्या काठ्या बांधायच्या आणि त्यावर गवत घोंगडी पांघरल्यासारखं खालून वर रचत न्यायचं. आतून वारा खेळतो, वरून पाणी ओघळून जातं. असं गवत आठ दिवससुद्धा टिकतं.

गंजी लावण्याआधी ओल १५ टक्क्यांच्या खाली आली पाहिजे. दोन परीक्षा करा. एक, मूठभर काड्या घेऊन पिळा. तीन-चार पिळांत कडाकड मोडल्या पाहिजेत आणि पेरावर नख घासलं तर ओलसर डाग दिसता कामा नये. पेर सगळ्यात शेवटी वाळतं, लोक पान बघतात आणि फसतात. दुसरी, झाकणाची कोरडी काचेची बरणी घ्या, त्यात गवताचे बोटभर तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ टाका, दोन मिनिटं जोरात हलवा. मीठ सुटं राहिलं तर गवत तयार. खडे बांधून काचेला चिकटलं तर अजून एक ऊन द्या.

ओलं रचलं तर गंजी आतून तापते. पहिले दोन आठवडे रोज एकदा लोखंडी सळई मधोमध खुपसा, अर्धा तास ठेवा आणि बाहेर काढून हात लावा. हात ठेववत नसेल तर त्याच दिवशी गंजी मोडून पसरा. काळं, भाजक्या वासाचं झालेलं गवत मेंढ्या चवीनं खातात, पण त्यातली प्रथिनं पचत नाहीत. त्यापुढे ताप वाढला तर गंजी स्वतःच पेटते.

जागा उंचवट्यावर. खाली दगडांची बैठक, त्यावर तुराट्या किंवा बाभळीच्या फांद्या एक हात जाड. पेंढ्या रचताना बुडखे बाहेर आणि मधला भाग सतत कडेपेक्षा उंच, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेरच्या बाजूला येतं. वर छपरासारखा उतार काढून उसाचं पाचट किंवा जाड कुसळीच्याच पेंढ्या घाला, दोरीनं दगड लटकवा. प्लास्टिक टाकायचं तर फक्त माथ्यावर. बाजूंनी गुंडाळलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते.

एकच मोठी गंजी करण्यापेक्षा दोन करा, चाळीस-पन्नास फुटांचं अंतर ठेवून. मार्चमध्ये शेजारी बांध पेटवतात, तेवढं कारण पुरे.

---

पशुवैद्य_अंबाजोगाई

वरच्या दोघांनी बहुतेक सांगितलं. आता हिशेबाकडे येऊ.

आधी किती गवत आहे ते मोजा, अंदाजावर जाऊ नका. एक मीटर लांब-रुंद चौकट काठ्यांची करा. रानात आठ-दहा ठिकाणी डोळे झाकून टाका. चांगली जागा बघून टाकली तर आकडा खोटा येतो. चौकटीतलं गवत चार बोटं बुडखा ठेवून कापा, पूर्ण वाळवा, ग्रॅममध्ये सरासरी वजन काढा आणि त्याला ४ नं गुणा. एकरी किलो मिळतात. २०० ग्रॅम आलं तर एकरी ८०० किलो. हिरव्याचंच वजन केलं असेल तर फुलोऱ्यातल्या १०० किलो हिरव्या गवताचं वाळून ३५ किलोच्या आसपास होतं.

समजा ५ एकरांत ४ टन भरलं. एक भाग बियांसाठी राखला तर ३ टन हातात.

आता लागतं किती. आपली दख्खनी मादी २८-३० किलोची. तिला दिवसाला वजनाच्या ३ ते ३.५ टक्के सुका चारा लागतो, म्हणजे सगळं मिळून एक किलोच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्या-ज्वारीची मोकळी रानं आणि बांध चरायला असतात, तेव्हा संध्याकाळी ४०० ग्रॅम गवत पुरतं: ४० माद्या, ६० दिवस, ९६० किलो. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत रानात काही नसतं, तेव्हा ८०० ग्रॅम धरा: ७५ दिवसांचे २,४०० किलो. एकूण ३,३६०. सांडण्या-तुडवण्यात १५-२० टक्के जातं, म्हणजे ४ टनांची तयारी हवी. नर आणि कोकरं अजून धरलेलीच नाहीत. गवत एकटं पुरणार नाही, टन-दीड टन दुसरा सुका चारा लागेलच.

प्रथिनांचा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. कोरड्या, म्हणजे गाभण नसलेल्या आणि दूध न देणाऱ्या मादीला दिवसाला ५५-६० ग्रॅम प्रथिनं लागतात. दिवाळीनंतरचं ३.५ टक्क्यांचं गवत ९०० ग्रॅम खाल्लं तर ३१ ग्रॅम मिळतात. फुलोऱ्यातल्या ६.५ टक्क्यांच्या गवतातून तेवढ्यातच ५८ मिळतात. आणि पिवळं गवत ती ९०० ग्रॅम खातही नाही. पोटातल्या जिवाणूंना काम करायला चाऱ्यात ७ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. त्याच्या खाली गेलं की काडी पोटात रेंगाळते, पोट भरलेलं दिसतं आणि मेंढी वाळत जाते. तुमच्या मेंढ्या काड्या सोडतात ती खोड नाही, त्यांच्या पोटात जागाच होत नाही. पेंड परवडत नाही म्हणता, तर पेंडीचे पैसे कापणीच्या तारखेत आहेत.

गव्हाणीबद्दल. गवत जमिनीवर टाकू नका आणि डोक्यावर टांगूही नका. टांगलेल्या जाळीतून ओढताना कुसळं आणि चुरा मानेच्या लोकरीत, डोळ्यांत पडतो. फूट-सव्वा फूट उंचीची लांबट गव्हाण करा, तोंड आत जाईल पण पाय जाणार नाही अशा फटींची. एका मादीला सव्वा फूट जागा. दोन्ही बाजूंनी खाणार असतील तर ४० माद्यांना २५ फूट लांबी. जागा कमी पडली की दुबळ्या मागं राहतात.

पाणी विसरू नका. सुक्या चाऱ्यावर उन्हाळ्यात मेंढी ४ ते ६ लिटर पिते. दिवसातून एकदाच पाणी दाखवलं तर ती गवत कमी खाते, आणि मग आपण गवताला नावं ठेवतो.

---

बालाघाटचा_वाडा

डॉक्टरसाहेब, चौकटीचा हिशेब भारी आहे, या आठवड्यातच करतो. कापणी सप्टेंबरलाच धरायची ठरलं.

अजून दोन शंका. घरचं सोयाबीन आहे ३ एकर, तूर २ एकर. सोयाबीनचं भुसकट भरपूर निघतं, तूट त्यानं भरून काढू का? आणि गावात काही जण गवतावर युरियाचं पाणी मारून जनावरांना देतात. मेंढ्यांना चालतं का? कुट्टी केली तर कुसळाचा त्रास जाईल का?

---

तूर_औसा

कुट्टीचं आधी. कुट्टीनं काडी लहान होते, कुसळ तसंच राहतं, उलट सुटं होऊन पानात मिसळतं. उशिरा कापलेल्या कुसळीची कुट्टी करून मेंढ्यांना देणं म्हणजे त्रास बारीक करून वाढणं. मऊ गवताची कुट्टी करा, दीड-दोन इंचांची. त्याहून बारीक केली तर धूळ वाढते आणि रवंथ कमी होते.

सोयाबीन भुसकटात दोन भाग असतात. शेंगांची टरफलं, म्हणजे गुळी, मेंढ्या खातात. खोडाच्या काड्या लाकडासारख्या, त्या राहतात. मळणी झाली की वाऱ्याच्या तोंडाला पडलेली गुळी वेगळी भरून घ्या. काढणीत पाऊस झाला असेल तर भुसकटाला काळी बुरशी असते. पोतं उघडल्यावर खोकला आला तर ते उकिरड्यावर. गाभण मेंढीला तर मुळीच नाही, बुरशीनं गाभडतात.

तुरीचं खरं मोल आहे. तुरीची गुळी आणि पाला मिळून ९-१० टक्के प्रथिनं देतात आणि मेंढ्या आवडीनं खातात. हरभऱ्याची गुळीही चांगली, पण खारी असते, पाणी जास्त लागतं. ७०० ग्रॅम तुमचं फुलोऱ्यातलं गवत आणि २०० ग्रॅम तुरीची गुळी: ४५ आणि १८ ग्रॅम मिळून ६० च्या पुढं जातं, कोरड्या मादीचं भागलं. ४० माद्यांना ७५ दिवस २०० ग्रॅम म्हणजे ६०० किलो गुळी. घरची दोन एकरांची पुरणार नाही, पण तुरीचा हंगाम चालू असताना शेजाऱ्यांकडून उचलली तर कवडीमोल मिळते. मे महिन्यात हीच गुळी भाव खाते.

माद्या दाखवायच्या आधी तीन आठवडे आणि व्यायल्यावर दोन महिने मात्र खुराक लागेलच, २०० ते २५० ग्रॅम. तिथं पेंडीऐवजी तुरीची चुनी, म्हणजे डाळ करताना उरलेली कणी-टरफलं, बघा. लातूरच्या डाळ मिलमध्ये मिळते. चुनी दोन भाग आणि ज्वारी-मक्याचा भरडा एक भाग. पेंडीपेक्षा ताकद कमी, पण पैशाला बरी पडते. चुनी घेताना मुठीत दाबून बघा; माती आणि नुसती टरफलं फार असतात.

युरियाबद्दल माझं मत वेगळं आहे. वेळेवर कापलेल्या गवताला युरिया लागतच नाही. तो उपाय दिवाळीनंतरच्या काडीचा आणि कडब्याचा. करायचाच झाला तर पाणी शिंपडून लगेच देणं बंद करा, जनावरं मरतात ती त्यानंच. पद्धत अशी: १०० किलो सुक्या चाऱ्याला ४ किलो युरिया, ४५-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. चाऱ्याचा वीतभर थर, झारीनं पाणी, पायानं दाबायचं, परत थर. वरून प्लास्टिक, कडा मातीनं लिंपून हवाबंद, २१ दिवस. उघडल्यावर नाकात झणका बसला पाहिजे आणि रंग गडद पिवळा-तपकिरी दिसला पाहिजे. पांढरी बुरशी दिसली तो भाग फेका. द्यायच्या आधी दीड-दोन तास पसरून वास उडू द्या.

---

पशुवैद्य_अंबाजोगाई

तूर_औसा यांच्याशी सहमत, त्यात थोडी भर, कारण ही जिवाची गोष्ट आहे.

युरिया केलेला चारा सहा महिन्यांच्या आतल्या कोकरांना नको. त्यांचं पोट अजून तयार नसतं. मोठ्या मेंढ्यांना पहिल्या दिवशी एकूण चाऱ्याच्या पाव भाग, दहा दिवसांत वाढवत न्यायचा. उपाशी किंवा आजारी मेंढीला द्यायचा नाही. युरिया कालवलेलं पिंप उघडं ठेवू नका, तहानलेल्या मेंढ्या त्यात तोंड घालतात. आणि तुमच्याकडे सोयाबीन आहे म्हणून मुद्दाम: कच्चं सोयाबीन आणि युरिया एकत्र कधीही नको. कच्च्या सोयाबीनमधल्या विकरानं युरियाचा अमोनिया एकदम सुटतो. वाड्याजवळ सोयाबीनचं खळं असेल आणि मेंढ्या सांडलेले दाणे वेचत असतील, तर त्या दिवसांत युरियाचा चारा बंद.

विषबाधेची लक्षणं खाल्ल्यानंतर तास-दीड तासाच्या आतच दिसतात: अंग थरथरणं, तोंडाला फेस, पोट फुगणं, धाप, कोलमडणं. डॉक्टरला फोन करा आणि ते येईपर्यंत अर्धा ते एक लिटर व्हिनेगर, तेवढंच थंड पाणी घालून, सावकाश पाजा. मेंढीला गिळता येत नसेल तर पाजू नका, फुफ्फुसात जातं.

पाल्याचा विषय कुणी काढला नाही. एप्रिल-मेमध्ये केवळ सुक्या चाऱ्यावर ठेवलं तर अ जीवनसत्त्व कमी पडतं, नेमकं माद्या दाखवायच्या तोंडावर. रोज थोडा हिरवा पाला हवाच. शेवरी उत्तम. बोराटीचा आणि बाभळीचा पाला तुमच्या डोंगरावर आहेच. सुबाभूळही चांगली, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. जास्त झाली तर लोकर गळते. हिवराच्या आणि बाभळीच्या शेंगा वाळवून कुटून द्या. वेड्या बाभळीच्या शेंगा अख्ख्या दिल्या तर बी पचत नाही, लेंडीतून पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात तुमचं पवन्याचं रान काट्यानं भरतं.

मीठ रोज ५-७ ग्रॅम, खनिज मिश्रण तेवढंच. इथं एक चूक सर्रास होते. गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना दिलं जातं. त्यात तांबं जास्त असतं, ते मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक कावीळ होऊन, लाल-काळी लघवी होऊन मेंढी जाते. पिशवीवर मेंढीसाठी असं लिहिलेलंच घ्या.

कुसळ लागलेल्या मेंढीची ओळखही सांगून ठेवतो: एका डोळ्यातून पाणी, पापणी मिटलेली. पापणी उलटून खालच्या कोपऱ्यात बघा, कुसळ तिथं आडवं बसलेलं असतं. चिमट्यानं सरळ रेषेत ओढा, पिळू नका, तुटतं. बुबुळ पांढरं झालं असेल तर डोळ्याला काही घालण्याआधी दाखवा. अंगावरचं कुसळ काढताना जखमेत अळी पडली नाही ना तेही बघा, आणि कुसळीच्या रानात शिरण्याआधी लोकर कातरून घेतलेली बरी.

---

माळरान_आष्टी

पुढच्या वर्षाचं आत्ताच बघा. वरचा कुसळीचा टप्पा कापून मोकळा झाला की पुढच्या जूनमध्ये, पहिल्या दोन पावसांनंतर, तिथं स्टायलोचं बी टाका. द्विदल आहे, मुरमाडात तग धरतं आणि गवताच्या पेंढीत आपोआप प्रथिनं मिसळतात. हेक्टरी ४-५ किलो बी लागतं. कवच टणक असतं, म्हणून ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात ४-५ मिनिटं ठेवून मग रात्रभर गार पाण्यात भिजवायचं. सकाळी सावलीत सुकवून बारीक मातीत कालवून फेकायचं. खोल पेरलं तर उगवत नाही, कुळवाची हलकी ओरखड पुरे. पहिल्या वर्षी त्या टप्प्यावर मेंढ्या नकोत.

मारवेल वाढवायचा असेल तर ओघळीतलेच ठोंब उपटून दीड-दोन फुटांवर लावा. विकतचं वाण हवं तर राहुरीच्या विद्यापीठाचं फुले मारवेल ०६-४० आहे, पण त्याला थोडी ओल लागते, डोंगराच्या माथ्यावर नेऊ नका.

---

बालाघाटचा_वाडा

सगळं टिपून घेतलं. शेवटचं एक: जूनमध्ये हिरवं उगवलं की मेंढ्या सुक्या गवताकडे ढुंकूनही बघत नाहीत. उरलेलं गवत तेव्हा बंद करू का?

---

पशुवैद्य_अंबाजोगाई

एकदम बंद करू नका. पहिल्या पावसाचं कोवळं गवत म्हणजे निव्वळ पाणी. त्यानं हगवण लागते आणि भुकेली मेंढी त्यावर तुटून पडली की आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यात जिवाणूंचं विष तयार होण्याचा, धोका. सकाळी सोडण्याआधी मूठ-दोन मूठ सुकं गवत पोटात जाऊ द्या, दहा-बारा दिवस. पहिले दोन-तीन दिवस हिरव्यावर तास-दोन तासच चारा, मग वाढवा. ज्वारीच्या धसकटाला पावसानं फुटलेले पोंगे दिसले तर त्या रानात मेंढ्या घालूच नका, किराळ (कोवळ्या फुटव्यातलं विष) लागते आणि मेंढी जागेवर जाते.

आंत्रविषाराची लस मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी टोचून घ्या. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. तालुक्याच्या दवाखान्यात एप्रिलच्या अखेरीलाच मेंढ्यांची संख्या सांगून ठेवा.